दुपारची हजेरी

एक वाजून सतरा मिनिटांनी उत्तर यायचं थांबलं आणि राजरत्न गमरेचा घास हातातच राहिला. लोअर परळच्या काचेच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर, तो आपल्या टेबलाशी डबा उघडून बसला होता. समोरच्या दोन मोठ्या पडद्यांवर अर्ध्या मुंबईतल्या कचेऱ्यांच्या लाइनी हिरव्या रेघांनी धावत होत्या, आणि त्या रेघांवर पहारा ठेवणाऱ्या सहा जणांचा तो साहेब होता. पण त्याची नजर होती पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या एका काळ्या चौकटीवर. तिच्यात दर सेकंदाला एक ओळ उमटायची. इथून तो एक चिठ्ठी सोडायचा आणि परळच्या घरातला कॅमेरा ती पोचल्याचं कळवायचा. शाळेत बाई नाव घेतात आणि पोर ‘हजर’ म्हणतं, त्यापलीकडे त्यात काही नव्हतं. सकाळी साडेनवापासून हजर, हजर, हजर असं चाललं होतं. आता एक ओळ आली, उत्तर नाही. पुढची, उत्तर नाही. मग दोनदा हजर, आणि लगेच सात वेळा काहीच नाही. त्या घरात त्याची आई एकटी होती.

त्याच्या धंद्यात याला पॅकेट लॉस म्हणतात. पाठवलेल्या चिठ्ठ्या वाटेत गळतात, दोन गळतात, चार गळतात, त्याचं कोणी सुतक पाळत नाही. रोज मरे त्याला कोण रडे, असं तो स्वतःच नव्या मुलांना हसत हसत शिकवायचा. आता त्याला हसू येईना. त्याने हात न धुताच आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग सवयीने, घाम पुसत, त्याने राउटरलाच चिठ्ठी टाकली, आणि राउटरने ताबडतोब उत्तर दिलं. म्हणजे वीज होती, बाहेरून घरापर्यंत येणारी तार शाबूत होती, राउटर शुद्धीवर होता. राउटरपासून कॅमेऱ्यापर्यंतच्या दहा फुटांतच काहीतरी झालं होतं. बिघाड घराच्या आत होता. हे वाक्य त्याने आयुष्यात हजार वेळा लोकांना फोनवर सांगितलं असेल, “सर, प्रॉब्लेम तुमच्या घराच्या आत आहे.” आज ते त्याला ऐकवेना. डबा तसाच उघडा टाकून तो लिफ्टकडे निघाला.

घर पायी वीस मिनिटांवर. भर दुपारी तो पूल ओलांडून चालत होता, म्हणजे जवळजवळ पळतच होता, आणि पळतोय हे दिसू नये म्हणून मधूनच चालत होता. बावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, गळ्यात ऑफिसचा पट्टा लोंबणारा माणूस रस्त्यात पळाला तर लोक मागे चोर शोधतात. कॅमेरा बसवला त्याला तीन महिने झाले होते. गेल्या ऑगस्टात त्याची आई, कमलाबाई, न्हाणीघरात घसरली आणि दोन तास तिथेच बसून राहिली, कारण हाक ऐकायला कोणीच नव्हतं. चाळीत असती तर तिच्या हातून निसटलेला तांब्या गडगडायचा थांबण्याआधी दहा माणसं आत आली असती. पण चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, सोडत निघाली आणि शेजार पत्त्यांसारखा पिसला गेला. पस्तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली लक्ष्मी शिरोडकर आता दुसऱ्या विंगेत एकोणिसाव्या मजल्यावर. इथे मजल्यावर सहा दारं आणि सहाही बंद. नम्रता, राजरत्नची बायको, सकाळी आठला इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीवर जाऊन बसायची ती सहाला सुटायची. म्हणून कॅमेरा, हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी. पहिल्याच दिवशी त्याने ऑफिसातून चित्र उघडून पाहिलं, तर आई पदर बाजूला टाकून फणीच्या टोकाने पाठ खाजवत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईकडे तिच्या नकळत बघणं त्याच्याने होईना. तेव्हापासून तो चित्र उघडतच नसे. कॅमेरा जिवंत आहे एवढं कळलं की बस; आधी तो सकाळ-संध्याकाळ एकदा विचारायचा, आजपासून दर सेकंदाला, आणि कॅमेरा जिवंत म्हणजे आई ठीक, असं त्याच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं. इतक्या शिकलेल्या माणसाचं मन इतकं अडाणी असू शकतं.

दारापाशी पोचला तेव्हा किल्ली हातात होती, पण ती कुलपात जाईना. दार बंद होतं, दुपार होती, आणि अशा दाराला हात लावायचा नसतो हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. चाळीत दिवसा दार उघडंच असायचं. घरात भांडण असो, पाहुणे असोत, मुलगी बघायला आलेली मंडळी असोत, दार सताड उघडं. दिवसा बंद दाराचा अर्थ एकच, आत रातपाळीचा माणूस झोपलाय. मग त्या दारावरून जाताना बायका बादल्या आपटत नसत, पोरं गोट्यांचा डाव गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला नेत, आणि भंगारवालासुद्धा तेवढ्या दोन खोल्यांपुरता तोंड मिटून घेई. रातपाळीवाल्याची झोप मोडणारा सगळ्या मजल्याच्या शिव्या खाई. गिरण्यांच्या संपाच्या आदल्या वर्षी, राजरत्न आठ वर्षांचा असताना, एका शनिवारी कमलाबाई रॉकेलच्या रांगेला आणि तिथून डिलाइल रोडला बहिणीकडे निघाली, तेव्हा त्याला दाराबाहेर पाटावर बसवून गेली. “पप्पा झोपलेत. कोणाला दार वाजवू देऊ नको.” भिवा गमरे सकाळी मिलमधून आला होता, चहा पिऊन, छातीत जळजळतंय म्हणत आडवा झाला होता. राजरत्नने राखण चोख केली. तोंडावर बोट ठेवून त्याने पोरं हाकलली, एका मांजरालाही हाकललं. दोनच्या सुमाराला जगदीशकाका आला, भिवाच्याच खात्यातला. “उठव रे बापाला, काम आहे.” राजरत्न दोन्ही हात पसरून दारासमोर उभा राहिला. “पप्पा झोपलेत.” जगदीशकाका हसला. “लय कडक वॉचमन आहेस,” म्हणाला आणि डोक्यात टप्पल मारून निघून गेला. पाचला आई आली, तिने दार लोटलं. डॉक्टर म्हणाले, तीनच्या सुमारास गेला असेल. तीनच्या सुमारास. आणि जगदीशकाका दोनला आला होता. हा हिशेब राजरत्नने आजवर कोणाला सांगितला नव्हता, नम्रताला नाही, आईला तर नाहीच. आईने पुढे औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जाऊन त्याला इंजिनिअर केलं, आणि ती दर वर्षी त्या तारखेला बापाच्या फोटोला हार घालायची तेव्हा तो काहीतरी काम काढून घराबाहेर जायचा. झोपलेलं माणूस आणि मेलेलं माणूस बंद दाराबाहेरून सारखंच ऐकू येतं. त्याला त्या झोपेची भीती होती. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं तो रात्री नम्रताच्या नाकाखाली बोट धरून बघायचा, आणि तिला जाग आली की डास होता म्हणायचा.

शेवटी त्याने चोरासारखं दार उघडलं. हॉल रिकामा. टीव्हीच्या भिंतीला लागून, कॅमेऱ्याच्या मागूनच तो आत गेला. आतल्या खोलीत आई कुशीवर निजली होती, पाय पोटाशी घेऊन. तिचं पोट हलतंय का ते त्याला दिसेना. तो वाकला, आणखी वाकला, आणि तिने डोळे उघडले. “काय रे? नोकरी गेली काय?” तिने विचारलं. “नाय गं आये. फाइल विसरलो होतो.” “मग तोंड असं का झालंय? जेवलास?” ती गुडघ्यावर हात देत उठली, भिंतीला धरत हॉलमधून स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली, आणि त्याच क्षणी राजरत्नच्या हातातल्या मोबाइलवर काळी चौकट बोलायला लागली. हजर, हजर, हजर. त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आई निजली की उत्तर बंद, आई उठली की उत्तर चालू. तो तिथेच भिंतीला टेकला.

मन चिंती ते वैरी न चिंती. रोज सव्वा वाजता ओळी गळायला लागत आणि चारच्या आसपास, चहाच्या वेळेला, पुन्हा जागच्या जागी येत. या मधल्या पावणेतीन तासांत राजरत्न कामाला निकामी होता. मीटिंगमध्ये बसे, मान डोलवी, आणि टेबलाखाली मोबाइल धरून गळलेल्या ओळी मोजत राही. शंभरातल्या चाळीस. शंभरातल्या पंचावन्न. फोन करावा तर तिची झोप मोडते, न करावा तर आपला जीव जातो. तो मनाला बजावायचा, तू नेटवर्कमधला माणूस आहेस, भगत नव्हेस, याला कारण असणार. शेवटी लाज गिळून त्याने नूपुरला विचारलं. नूपुर त्याच्या टीममधली सगळ्यांत तरतरीत मुलगी. “घरचं वायफाय ना, सर? चॅनेल क्राउडेड असेल. टॉवरमध्ये सगळे एकावर एक बसलेले असतात. राउटर ठेवलाय कुठे?” राउटर कुठे ठेवलाय ते राजरत्नला सांगवेना. चाळीतून आणलेली स्टीलची मांडणी कमलाबाईने टाकू दिली नव्हती, ती हॉलच्या कोपऱ्यात उभी होती, आणि तिच्यावर पिठाच्या आणि डाळीच्या डब्यांच्या मागे राउटर व्यवस्थित दडवलेला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. “आणि पॉवर सेव्हिंग वगैरे ऑन नाहीये ना, सर?” नूपुर म्हणाली. “काही राउटर ट्रॅफिक नसलं की वायफायला झोपवतात.” “छे गं, ते कोण ऑन करतं!” साहेबाने साहेबासारखं उडवून लावलं. रविवारी त्याने राउटर मांडणीवरून काढून टीव्हीवरच्या फळीवर ठेवला, आणि चॅनेल बदलायला म्हणून आसपासच्या वायफायची यादी उघडली. सत्तेचाळीस नावं निघाली. शिरोडकर होम. मर्चंडे फाइव्ह जी. तांबे ट्वेल्व्ह झीरो थ्री. ज्यांच्या घरच्या सुक्या बोंबलाचा वास त्याला तोंडपाठ होता ती सगळी माणसं आता यादीत होती, प्रत्येकाच्या नावापुढे एक कुलूप. तो बराच वेळ ती यादी वरखाली करत बसला.

आई बाजूला भाजी निवडत होती. “काय बिघडलंय रे त्याचं?” “काय नाय. समोर काही हललं की कॅमेरा चित्र पाठवतो. काही हललं नाही की गप्प बसतो. मग मला तिकडे काही कळत नाही.” कमलाबाईच्या हातातली मेथी थांबली. “म्हणजे मी निजले की तुला काय कळत नाय?” “तसंच काहीतरी.” “मग तू घाबरतोस?” राजरत्न स्टुलावर चढून तार ओढत होता, त्याची पाठ तिच्याकडे होती. “छे. घाबरायचं काय त्यात,” तो म्हणाला. मेथी निवडून झाल्यावर ती उठून फळीजवळ आली आणि राउटरचा हिरवा दिवा कितीतरी वेळ बघत उभी राहिली. म्हातारीला गंमत वाटतेय, असं त्याला वाटलं.

सोमवारी सव्वा वाजला, दीड वाजला, दोन वाजले. एकही मोठी गळती नाही. मंगळवारी तेच. राजरत्नने तीन आठवड्यांनी पहिल्यांदा डबा पुरता खाल्ला. चॅनेल बदलल्याचा गुण, त्याने नूपुरला सांगितलं, आणि तिला चहा पाजला. घरी आल्यावर आई जरा ओढलेली दिसत होती, डोळे लाल, रात्री जेवता जेवता पेंगत होती. नम्रता म्हणाली, “आईंचं बीपी बघायला हवं, वाळल्यात.” त्याने हो म्हटलं. मनातून तो इतका सुखात होता की त्याला बीपीचीसुद्धा भीती वाटली नाही, आणि हे पुढे त्याला फार लागलं.

गुरुवारी त्याने नुसत्या हौसेने दुपारभराच्या ओळींचा आलेख काढला. सरळ हिरवी रेघ बघावी, डोळे निवावेत, एवढंच. रेघ सरळ होती, पण तिला बारीक दाते होते. दर पाच मिनिटांनी दोन-तीन ओळी गळत आणि लगेच सावरत. पाच मिनिटं, गळती, सावरणं. पाच मिनिटं, गळती, सावरणं. काही वेळा सावरायला तीन सेकंद लागले होते, काही वेळा दहा, एकदा चाळीस. राजरत्न ताठ बसला. गळती ठरल्या वेळेला होती, म्हणजे यंत्राची होती. सावरणं मागेपुढे होत होतं. यंत्र असं मागेपुढे करत नाही. कोणीतरी ते हाताने करत होतं. घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. तीन महिन्यांत जे केलं नव्हतं ते त्याने केलं, चित्र उघडलं.

आई हॉलमध्ये होती. प्लास्टिकची खुर्ची कॅमेऱ्यासमोर ओढून ती ताठ बसली होती, पाठ टेकू नये म्हणून पुढे सरकून. डोळे कॅमेऱ्याकडे नव्हते, जरा वर, फळीकडे होते. ते मिटत होते. मान छातीवर पडायची, दचकून वर यायची. एकदा पडलेली मान बराच वेळ वर आलीच नाही, आणि राजरत्नने टेबलाची कड घट्ट धरली. मग ती खडबडून जागी झाली, फळीकडे बघितलं आणि घाईघाईने उजवा हात वर करून हलवला, माश्या वारतात तसा, पुन्हा पुन्हा, तो हात दमला तेव्हा डावा. मग समाधानाने हात मांडीवर ठेवले आणि पुन्हा फळीकडे बघत बसली. शहात्तर वर्षांची बाई. चार दिवस. त्याने फोन लावला, आणि चित्रात तिने मांडीवरचा फोन उचललेला त्याला दिसला.

“आये, काय करतेस?”

“काय नाय, बसलेय.” मग, “येतंय ना नीट तिकडे?”

“तू हात का हलवतेस?”

चोरी पकडल्यासारखा तिने हात पदराखाली घेतला. “तो दिवा हाय ना त्याचा, तो बारीक होतो रे. बारीक झाला की हात हलवायचा, मग मोठा होतो. तू बोललास ना, हललं नाय की तुला कळत नाय.”

दिवा बारीक होतो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याने इतकं नेमकं निदान क्वचित ऐकलं होतं. फोन कानाला तसाच धरून त्याने राउटरची पानं उघडली, चौथं, पाचवं, अगदी शेवटचं, जिथे कोणी जात नाही. वीज बचत. समोर बरोबरची खूण केलेली. ती त्याचीच होती. नव्या घरातल्या पहिल्या संध्याकाळी राउटर लावताना त्याला तो शब्द दिसला होता, आणि ज्या घरात चाळीसच्या एका बल्बखाली तिघं जण बसत आणि खोलीबाहेर पडणारा बटण बंद करून पडे, तिथे वाढलेल्या बोटाने विचार न करता होकार दिला होता. नंतर काखेत कळसा आणि गावाला वळसा. कॅमेऱ्याने पाच मिनिटं चित्र पाठवलं नाही की राउटर वायफाय मंद करत होता, आणि राजरत्नच्या चिठ्ठ्या इतक्या बारीक की तो त्यांना जमेतच धरत नव्हता. एवढंच होतं. त्याने खूण काढली. चित्रात आई फळीकडे बघत होती.

“झाला बघ मोठा,” ती म्हणाली. “मी काय केलं नाय आत्ता.”

“मी केला. दुरुस्त झालं आये. आता तू हललीस नाहीस तरी चालेल.”

“म्हणजे आता निजू मी?”

ती त्याला विचारत होती. ज्या बाईने त्याला कधी कशाची परवानगी मागितली नव्हती, ती झोपायची परवानगी मागत होती.

“नीज,” तो म्हणाला.

“घाबरणार नायस ना?”

“नाही.”

फोन ठेवून ती उठली. भिंतीला धरत, एका पायावर जरा लंगडत, ती आतल्या खोलीकडे गेली आणि चित्रात नुसती खुर्ची राहिली. त्याने चित्र बंद केलं. काळी चौकट बोलत होती, हजर, हजर, हजर, एकही ओळ गळत नव्हती. ती तशीच बघता बघता आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं. गेले तीन आठवडे तो ज्याला बिघाड म्हणत होता तेच एक खरं होतं. उत्तर थांबलं की आई निजली, पहिलं उत्तर आलं की आई उठली. आता आत काहीही होवो, ही चौकट हजरच म्हणणार. दुपारभर म्हणेल, रात्रभर म्हणेल. ती खूण परत केली की सगळं होतं तसं होणार होतं. त्याचा हात माउसवर गेला. मग ती खुर्ची आठवली, आणि तो वर झालेला हात.

त्याने हात काढून घेतला. नूपुर कसलीशी सही घ्यायला आली, त्याने न वाचता केली. तीन वाजले. सव्वातीन वाजले. उत्तरं येत होती. चार वाजले, चहाची वेळ झाली, चार वाजून दहा, वीस. आईचा फोन आला नाही. चार दिवसांची झोप आहे, त्याने स्वतःला सांगितलं, लागली असेल. त्याने मोबाइल उचलला, तिच्या नावावर अंगठा नेला, आणि तो तिथेच धरून ठेवला. मग मोबाइल पालथा घालून ड्रॉवरमध्ये ठेवला, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि तिला झोपू दिलं.